घामाने संपर्क सुधारतो, मोजमाप बिघडतं

रत्नागिरीच्या बाजूला अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षाला असलेल्या दोघींचा प्रश्न आहे. त्यांनी श्वास मोजायला छातीभोवती बांधायचा एक पट्टा शिवून घेतला. सुती पट्टी, तिच्यावर चांदीचा मुलामा दिलेल्या नायलॉनची चार ठिगळं, ५० किलोहर्ट्झ आणि २०० मायक्रोअँपिअरचा प्रवाह. कॉलेजच्या एसी लॅबमध्ये छातीचा इम्पिडन्स (उलटसुलट वाहणाऱ्या प्रवाहाला होणारा अडथळा) ३२ ओहम आणि श्वासाची साधारण १ ओहमची लाट, अगदी स्वच्छ. मे महिन्यात दुपारी तोच पट्टा मिरकरवाड्याच्या जेटीवर काकांच्या ट्रॉलरवरच्या खलाशांना बांधला. पहिली दहा मिनिटं उत्तम गेली, मग आकडा ६०, ७०, पुन्हा ४५ असा नाचायला लागला आणि श्वास दिसेनासा झाला. जाळी उपसून नखशिखांत भिजलेल्या एकाच्या छातीवर तर आकडा २०० च्या घरात गेला. त्या विचारतात, घामाने संपर्क सुधारतो असं सगळीकडे वाचलं, मग हे उलटं का? चांदी सोडून दुसरं कापड घ्यावं का? आणि हृदयाच्या रुग्णाच्या फुफ्फुसात पाणी साठतंय का, हे याच पट्ट्याने घरी कळेल का?

इलेक्ट्रोड, म्हणजे ती चांदीची ठिगळं, बदलू नका, ते चांगले आहेत. खोट आहे ती दोन ठिगळांच्या मधल्या सुती कापडात.

मी चोवीस वर्षं चिपळूण ते सावंतवाडी दवाखान्यांतले मॉनिटर दुरुस्त करत आलोय, आणि गेली सहा-सात वर्षं मला या कापडी पट्ट्यांचा नाद लागलाय. तुमची जी फजिती झाली ती माझी आधीच झालेली आहे. पुण्यात डिसेंबरमध्ये केलेला पट्टा घेऊन मी वैशाखात गुहागरला गेलो. तिथे आकडे असे काही उड्या मारायला लागले की मी तीन सर्किट बोर्ड बदलले, केबल बदलली, शेवटी बॅटरीला दोष दिला. ज्यांनी पट्टा शिवला होता ते शिंपीकाका शेजारी बसून बघत होते. ते म्हणाले, "ओ साहेब, यंत्र काय उघडताय? पट्टा पिळा आधी, वाटीभर घाम निघेल." पिळला. निघाला. त्या दिवसापासून मी कुठलाही पट्टा आधी पिळून बघतो आणि मगच स्क्रू-ड्रायव्हर हातात घेतो.

आता हे का होतं ते नीट बघू, कारण इथेच सगळी मेख आहे.

चार इलेक्ट्रोडच्या पद्धतीत बाहेरच्या दोहोंतून ठरावीक प्रवाह सोडतात आणि आतल्या दोहोंवर व्होल्टेज मोजतात. ही पद्धत आपण घेतो ती त्वचेचा अडथळा हिशेबातून जावा म्हणून. त्वचेच्या सगळ्यात वरचा मृत थर जेमतेम १०-२० मायक्रोमीटर जाडीचा, पण कोरडा असला तर अख्ख्या छातीच्या शंभरपट अडवतो. आतल्या इलेक्ट्रोडमधून प्रवाहच वाहत नसेल तर त्यांच्या संपर्काचा रोध ५० ओहम असो की ५ हजार, आकड्यावर परिणाम होत नाही. सगळी पुण्याई या एका अटीवर उभी आहे: व्होल्टेजच्या इलेक्ट्रोडमधून प्रवाह वाहता कामा नये.

मधलं सुती कापड घामाने भिजलं की ही अट मोडते. प्रवाहाच्या ठिगळातून काही प्रवाह त्वचेत न शिरता ओल्या कापडातून आडवा शेजारच्या व्होल्टेजच्या ठिगळाकडे जातो आणि तिथून त्वचेत उतरतो. उतरताना त्या ठिगळाच्या संपर्क-रोधावर व्होल्टेज पडतं, आणि तुमचं यंत्र ते छातीचं समजून मोजतं.

हिशेब करून बघा, कागदावर दोन मिनिटांत होतो. घामात मीठ कमी-जास्त असतं, पण सोडियम लिटरला ४० मिलिमोल धरलं तर त्याची रोधकता साधारण २२० ओहम-सेंटिमीटर येते. तुमची ठिगळं ४ सेंटिमीटर रुंद, दोहोंत ३ सेंटिमीटर अंतर, आणि कापडात धरून राहिलेलं पाणी ०.३ मिलिमीटर जाडीच्या थराएवढं धरू. म्हणजे २२० गुणिले ३, भागिले ४ गुणिले ०.०३. उत्तर साडेपाच हजार ओहम. ऐकायला मोठं वाटतं. छाती ३२ ओहमची, तिच्यापुढे साडेपाच हजार म्हणजे जवळजवळ उघडंच सर्किट, असं मलाही वाटलं होतं. पण ओल्या कापडाचा हा पूल छातीला समांतर नाही, तो संपर्क-रोधाला समांतर आहे. घामेजलेल्या कापडी इलेक्ट्रोडचा ५० किलोहर्ट्झला संपर्क-रोध ३०० ओहम धरा. मग प्रवाहाचा ३०० भागिले ६१०० एवढा हिस्सा, म्हणजे सुमारे ५ टक्के, पुलावरून पलीकडे जातो. त्या ५ टक्क्यांचं ३०० ओहमवर पडणारं व्होल्टेज जवळजवळ १५ ओहमएवढं. दोन्ही बाजूंचं मिळून ३०. तुमचे ३२ झाले ६२. जेटीवर तुम्हाला दिसलेला आकडा हाच ना?

श्वास कुठे गेला तेही यातच आहे. ही चूक साधारण संपर्क-रोधाच्या वर्गाप्रमाणे वाढते. खलाशाने दोर ओढला, पट्टा जरा सैल झाला, संपर्क ३०० चा ३३० झाला, की एका बाजूची चूक १५ वरून पावणेअठरावर जाते. तुमची श्वासाची लाट १ ओहमची, आणि पट्ट्याच्या नुसत्या हेलकाव्याने आकडा ३ ओहम हलतो. श्वास संपलेला नाही, तो त्या गोंधळात बुडालाय. लॅबमध्ये पट्टा एवढाच हलत होता, पण पूल नव्हता म्हणून ते हलणं दिसत नव्हतं.

पहिली दहा मिनिटं उत्तम का, तर तेव्हा घाम फक्त ठिगळांखाली साचतो. कापडी इलेक्ट्रोडच्या कोरडेपणावर घाम हाच उतारा, हे जे तुम्ही वाचलंत ते तेवढ्या वेळेपुरतं शंभर टक्के खरं आहे. थंड, कोरड्या हवेच्या देशांत ही दहा मिनिटं तासभर टिकत असतील. आपल्याकडे मे महिन्यातली जेटी म्हणजे वरून ऊन, खालून ओलं काँक्रीट आणि हवेत आधीच इतका दमटपणा की अंगावरचा घाम सुकतच नाही. तो कापडात मुरतो, आणि खेळ खलास.

समुद्राच्या पाण्याचं गणित आणखी वाईट. त्याची रोधकता २० ओहम-सेंटिमीटरच्या आसपास, म्हणजे तोच पूल ५०० ओहमचा. वरच्या सूत्रात घाला, एका बाजूची चूक ८० ओहमच्या वर जाते. तुमच्या भिजलेल्या खलाशाच्या छातीत काही बिघाड नव्हता, त्याचा पट्टा समुद्रात होता.

(हा हिशेब ढोबळ आहे. इलेक्ट्रोडचा संपर्क नुसता रोध नसतो, त्यात कपॅसिटरही असतो, त्यामुळे काही चूक कोनात (फेजमध्ये) जाते. पण आजार ओळखायला एवढं पुरे.)

मग उपाय काय? तुमच्या मनात पहिला येईल तो म्हणजे ठिगळांमधलं अंतर वाढवणं. ३ चे ६ सेंटिमीटर केलेत तर पूल दुप्पट होईल, चूक निम्मी होईल. अर्धवट उपाय, शिवाय बारीक छातीच्या माणसाला पट्टा पुरणार नाही. दुसरा विचार येईल सुती ऐवजी जर्सीचं कापड वापरण्याचा, खेळाडूंचं, लवकर सुकणारं. तो करू नका. मी केला आणि पस्तावलो. ते कापड सुकतं लवकर कारण ते घाम एका जागी न ठेवता सगळीकडे पसरवतं. तुम्हाला नेमकं याच्या उलट हवंय. ठिगळ भिजलेलं राहावं आणि त्याच्या कडेला पाणी अडावं. भातखाचराला बांध घालतात तसं. पाणी खाचरात हवंच, फक्त शेजारच्या खाचरात जायला नको.

मी बांध सिलिकॉनचा घालतो. बाथरूमच्या फटी भरायचं सिलिकॉन नको, ते वाळताना व्हिनेगरसारखा वास सोडतं. तो अॅसिटिक आम्ल असतो, कापडाच्या चांदीच्या जवळ आणि माणसाच्या कातडीजवळ मला तो नको वाटतो. त्वचेला चालणारं, कापडावर छपाईसाठी मिळतं ते घ्या. दोन ठिगळांच्या मध्ये १ सेंटिमीटर रुंद पट्टी, पट्ट्याच्या वरच्या कडेपासून खालच्या कडेपर्यंत. आणि हे महत्त्वाचं: सिलिकॉन कापडाच्या आरपार मुरलं पाहिजे. वरून नुसता थर दिलात तर घाम खालच्या धाग्यांतून बोगदा काढून पलीकडे जातो. मागून बोटाने दाबून, पाठीला चकाकी दिसेपर्यंत. त्वचेच्या बाजूने ती पट्टी अर्धा मिलिमीटर उंच राहिली तर आणखी बरं, त्वचेवरून ओघळणारा घामही तिथे अडतो. ठिगळामागे पातळ स्पंज शिवा, म्हणजे छातीवर केस असले किंवा माणूस वाकला तरी दाब सुटत नाही.

याहून सोपा मार्ग म्हणजे प्रवाहाचा पट्टा वेगळा आणि व्होल्टेजचा वेगळा, मध्ये उघडी कातडी. त्वचेवरचा घामाचा थर कापडात मुरलेल्या पाण्यापेक्षा कितीतरी पातळ, त्यामुळे पूल आपोआप अशक्त. पण दोन पट्टे बांधून काम करायला कुठला तांडेल (बोटीचा प्रमुख) तयार होईल? माझ्या ओळखीतला तर एकाच पट्ट्याला "हे काय जानवं घालताय आम्हाला" म्हणाला होता.

कापडाबद्दल थोडं. चांदीचं नायलॉन राहू द्या. पोलादी धाग्याचं कापड धुण्याला चिवट असतं पण त्याचा संपर्क-रोध जास्त, आणि वर बघितलंत की चूक वर्गाने वाढते. म्हणजे आपल्या हवेत तेच जास्त महागात पडेल. विणलेलं ताणणारं कापड घ्या, ते अंगाला बसतं. चांदीचे खरे शत्रू दोन. एक म्हणजे ब्लीचिंग पावडर. दुसरा आपला विहिरीवरचा दगड. आपटून, पिळून धुतलेल्या ठिगळाचा मुलामा तडकतो, वरून चकचकीत दिसतो पण टोकापासून टोकापर्यंत मोजला तर रोध कुठल्या कुठे गेलेला. साध्या पाण्यात सौम्य साबणाने हलक्या हाताने खळबळून सावलीत वाळवायचं, आणि दर धुण्यानंतर मल्टिमीटर लावून आकडा वहीत लिहायचा. घामातल्या क्लोराइडने चांदीवर काळपट डाग येतात, त्यांना घाबरू नका. दवाखान्यातल्या चिकटपट्टीच्या इलेक्ट्रोडमध्ये चांदीवर मुद्दाम सिल्व्हर क्लोराइडच चढवलेला असतो.

टिचबटणं मात्र बदला. तुम्ही पाठवलेल्या फोटोत ती पितळी, निकेल चढवलेली दिसतात. खारी हवा आणि घाम मिळून महिन्याभरात हिरवी होतील. चांदी आणि पितळ घामात एकत्र आले की छोटी बॅटरीच तयार होते. ५० किलोहर्ट्झच्या मोजणीला त्याचं फारसं सोयरसुतक नाही, पण याच ठिगळांवरून पुढेमागे ईसीजी घ्यायचा असेल तर बेसलाइन लाटांवर लाटा दाखवेल. स्टेनलेस स्टीलची घ्या आणि मागून सिलिकॉनने बंद करा.

आता जरा मागे जाऊन, कारण तुमच्या प्रश्नात एक वाक्य होतं की ही पद्धत "नवीन आणि प्रायोगिक" आहे. नाही हो. कुठल्याही आयसीयूच्या मॉनिटरवर ईसीजीच्या खाली श्वासाचा जो आकडा दिसतो, तो बहुतेक वेळा याच मोजणीतून येतो: ईसीजीच्याच दोन इलेक्ट्रोडमधून काही दहा किलोहर्ट्झचा बारीकसा प्रवाह सोडून छातीचा इम्पिडन्स मोजतात. मी पहिल्यांदा मॉनिटर उघडला तेव्हा श्वासाचा वेगळा सेन्सर शोधत बसलो होतो! १९२५ मध्ये ह्यूगो फ्रिके यांनी रक्तपेशींवर मोजून दाखवलं की पेशीचं पटल हा कपॅसिटर आहे, चौरस सेंटिमीटरला जवळजवळ १ मायक्रोफॅरडचा. त्यामुळे कमी वारंवारतेचा प्रवाह पेशींना वळसा घालून बाहेरच्या पाण्यातून जातो आणि जास्त वारंवारतेचा पेशींच्या आरपार. केनेथ कोल यांनी १९४० मध्ये त्याचं समीकरण मांडलं, आजही तेच वापरतात. १९६६ मध्ये कुबिचेक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अंतराळवीरांसाठी हृदयाच्या प्रत्येक ठोक्याला बाहेर पडणारं रक्त छातीच्या इम्पिडन्सवरून काढायची पद्धत दिली. आपल्याकडे ट्रॉम्बेच्या भाभा अणुसंशोधन केंद्राने हातापायांच्या रक्तप्रवाहासाठी इम्पिडन्स प्लेथिस्मोग्राफीची यंत्रं केली. आणि कापडी इलेक्ट्रोडवरचं बरंच चांगलं काम स्वीडनमधल्या बोरोसला झालं, ते गाव पूर्वीपासून कापड-गिरण्यांचं. आपल्या इचलकरंजीने यात हात घातला असता तर, असं मला नेहमी वाटतं.

कुबिचेकांच्या पद्धतीचा मोह मात्र सध्या टाळा. हृदयाच्या ठोक्याने छातीचा इम्पिडन्स हलतो तो ०.१-०.२ ओहमने. तुमच्या पट्ट्यात ३ ओहमचा गोंधळ आहे.

एडी५९३३ ही इम्पिडन्स मोजणारी चिप वापरताय म्हणून दोन गोष्टी. ती चिप मुळात दोन टोकांच्या मोजणीची. चार इलेक्ट्रोडसाठी पुढे वेगळा करंट सोर्स (ठरावीक प्रवाह सोडणारं सर्किट) आणि डिफरन्शियल अॅम्प्लिफायर (दोन टोकांमधला फरक वाढवून देणारं सर्किट) लावावा लागतो, तिच्या टोकांवर असलेलं डीसी व्होल्टेज शरीरापासून कपॅसिटरने तोडावं लागतं. ते केलंत का? फोटोत मला कपॅसिटर दिसले नाहीत. केले नसतील तर खलाशांवरची मोजणी आजच थांबवा. फक्त श्वास आणि ईसीजी हवा असेल तर एडीएस१२९२आर किंवा मॅक्स३०००१ सारखी चिप बरी, त्यात हे सगळं आधीच विचारात घेतलेलं असतं. दुसरी गोष्ट, कोरड्या कातडीवर पहिल्या मिनिटाला कापडी ठिगळाचा संपर्क ५ हजार ओहमही असू शकतो. दोन ठिगळं, २०० मायक्रोअँपिअर, म्हणजे २ व्होल्ट तिथेच गेले. ३.३ व्होल्टवर चालणारा करंट सोर्स तिथे गुदमरतो आणि खोटा आकडा देतो. बांधण्याआधी ठिगळांवर पाण्याचा हलका फवारा मारा. ठिगळांवरच, पट्ट्यावर नाही!

वारंवारता वाढवून पूर्ण स्पेक्ट्रम, म्हणजे प्रत्येक वारंवारतेला किती इम्पिडन्स याचा आलेख, काढायचा विचार असेल तर केबल आधी बघा. केबलची जमिनीशी ३० पिकोफॅरड धारकता असली तर ५० किलोहर्ट्झला ती लाखभर ओहमची, कुणाच्या खिजगणतीत नाही. १ मेगाहर्ट्झला तीच ५ हजारांवर येते, आणि संपर्क वाईट असला की प्रवाह तिथून पळतो. आलेखाच्या टोकाला हुकासारखी शेपटी दिसली की ती शरीराची नव्हे, केबलची समजा.

सुरक्षिततेचं एकदाच सांगतो. वैद्यकीय उपकरणांच्या आयईसी ६०६०१ या मानकात शरीरातून मुद्दाम सोडायच्या प्रवाहाची मर्यादा १ किलोहर्ट्झपर्यंत १०० मायक्रोअँपिअर आहे आणि पुढे वारंवारतेच्या प्रमाणात वाढते. ५० किलोहर्ट्झला ५ मिलिअँपिअर होते. तुमचे २०० मायक्रोअँपिअर त्याच्या खूप आत आहेत. धोका त्या प्रवाहाचा नाही, लॅपटॉपच्या चार्जरचा आहे. पट्टा माणसाच्या अंगावर असताना सर्किट फक्त बॅटरीवर, डेटा ब्लूटूथने. जेटीवर बर्फाच्या कारखान्याच्या एक्स्टेंशनला लॅपटॉप लावून त्यातून यूएसबी केबल काढली असेल, तर तसं पुन्हा करू नका. पेसमेकर असलेल्याला पट्टा बांधू नका. काही पेसमेकर श्वास ओळखायला स्वतःच आत हीच मोजणी करतात आणि बाहेरच्या प्रवाहाने फसू शकतात.

आता तिसरा प्रश्न, फुफ्फुसातलं पाणी. हा मला सगळ्यात जवळचा, कारण मी या नादाला लागलो तो आईच्या आजारपणात.

तत्त्व बरोबर आहे. फुफ्फुसात हवेच्या जागी पाणी साठलं की इम्पिडन्स उतरतो. शरीरात बसवलेल्या उपकरणांनी हे नीट मोजलंय. २००५ मध्ये ३३ रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध झाला, त्यात दवाखान्यात भरती होण्याच्या सरासरी १८ दिवस आधीपासून छातीच्या आतला इम्पिडन्स उतरत गेला आणि एकूण सुमारे १२ टक्के उतरला. धाप लागण्याच्याही दोन आठवडे आधी. हे वाचून मी उडालोच होतो. पण गोष्ट तिथे संपत नाही. २०११ मध्ये ३३५ रुग्णांवरचा दुसरा अभ्यास आला. त्यात इम्पिडन्स उतरला की उपकरण रुग्णाला ऐकू येईल अशी घंटी वाजवायचं. ज्यांना घंटी मिळाली त्यांच्या हृदयविकारासाठीच्या भरती कमी व्हायच्या ऐवजी वाढल्या. घंटी वाजली की माणूस घाबरून दवाखाना गाठतो, आणि दारात आलेल्या घाबऱ्या रुग्णाला परत पाठवणं डॉक्टरांनाही जड जातं.

ती उपकरणं शरीराच्या आत होती. तिथे ना घाम, ना सरकणारा पट्टा. बाहेरच्या पट्ट्यात १२ टक्के म्हणजे तुमच्या ३२ ओहमचे ४ ओहमही नाहीत. पट्टा आज दोन बोटं वर आणि उद्या दोन बोटं खाली बांधला तरी तेवढा फरक पडतो. आडवं झोपून मोजलं आणि दुसऱ्या दिवशी बसून मोजलं तरी पडतो. आईला मी रोज सकाळी, आंघोळीआधी, त्याच खुर्चीत, त्वचेवर पेनाने केलेल्या खुणांवर पट्टा बांधून मोजायचो. महिन्याभराने एक कल दिसायला लागला. पण एकदा पावसाळ्यात तिने दोन दिवस सुकटीची चटणी आणि पापड हाणले, पाय सुजले, आणि ते मला पट्ट्याआधी वजनकाट्याने सांगितलं. दोन-तीन दिवसांत वजन २ किलोने वाढलं तर डॉक्टरांना फोन, हा हृदयाच्या डॉक्टरांचा जुना नियम आहे. त्याला काही शे रुपयांचा काटा पुरतो. तुमच्या प्रकल्पात घरच्या रुग्णांचा भाग ठेवायचाच असेल तर काट्याशी तुलना करा, तेवढं जरी प्रामाणिकपणे केलंत तरी पुष्कळ. आणि अॅपमध्ये लाल रंगाचा इशारा ठेवू नका.

आणखी एक, परीक्षक हमखास विचारतील म्हणून. ही पद्धत छातीचं हलणं मोजते, नाकातून हवा गेली की नाही ते नाही. घोरणाऱ्या माणसाचा घसा बंद झाला आणि छाती धडपडत राहिली, तर पट्टा "श्वास चालू" दाखवेल. तसंच जाळं ओढताना नुसते हात वर गेले तरी छातीचा इम्पिडन्स काही ओहमने बदलतो. त्यामुळे खलाशी काम करत असताना श्वास मोजायचा हट्ट सोडा. पट्ट्यात एक अॅक्सेलरोमीटर टाका, हालचाल जास्त असली की ती मिनिटं फेकून द्या, आणि तो चहाला टेकला किंवा केबिनमध्ये आडवा झाला की मोजा. उन्हाचा त्रास होत असलेला माणूस बसल्यावरही भराभर श्वास घेत राहतो, तेव्हा कामाची माहिती तिथेही मिळते.

जेटीवर परत जाण्याआधी टेबलावर दोन चाचण्या करा. पहिली रेझिस्टरची. ३३ ओहमचा एक टक्क्याचा मेटल फिल्म रेझिस्टर छाती समजा, चारही तारांत ३३० ओहमचे संपर्क घाला, आणि मग दोन्ही बाजूंना प्रवाहाच्या आणि व्होल्टेजच्या तारांमध्ये ५.६ किलो-ओहमचा पूल टाका. आकडा ३३ वरून ६८ च्या आसपास उडी मारेल. तो डोळ्यांनी बघितल्याशिवाय माझ्यावर विश्वास ठेवू नका. दुसरी घामाची. एक लिटर पाण्यात अडीच ग्रॅम मीठ, सपाट अर्धा छोटा चमचा, म्हणजे झाला आपला घाम. नवा, बांध घातलेला पट्टा मैत्रिणीला बांधा, एसी बंद करा, आणि ठिगळांच्या मधल्या कापडावर ड्रॉपरने ५ मिलिलिटर सोडा. पंधरा मिनिटं तिने खुर्चीत बसायचं, मग उभं राहायचं, मग वाकून बुटाची नाडी बांधायची. बसलेली असताना आकड्यातला बदल १ ओहमच्या आत राहिला आणि श्वासाची लाट मोजता आली तर पट्टा तयार. नाही राहिला तर सिलिकॉन आरपार मुरलेलं नाही, मागची बाजू बघा.

हे सगळं या महिन्यातच उरका. १ जूनपासून मासेमारी बंद, बोटी किनाऱ्यावर ओढल्या की खलाशी आपापल्या गावी जातात, त्यातले बरेचसे नेपाळला. मग ऑगस्टपर्यंत पट्टा बांधायला तुम्हाला छाती मिळायची नाही.